चाकामागचं रबर

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की सुलतानपूर मागे पडतं आणि बीबी येतं. लोणार तालुक्यातलं हे गाव नागपूर-औरंगाबाद या जुन्या वाहतूक रस्त्यावरचं. खामगाव-जालना रेल्वेची मागणी ब्रिटिश अमदानीपासून कागदोपत्री फिरते आहे. रूळ काही या भागात अजून पोचलेले नाहीत. त्यामुळे कापूस असो, सोयाबीन असो, शेगावला निघालेला भाविक असो की 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेडराजाला, लोटणारी गर्दी, इथलं सगळं टायरवर चालतं. आणि रस्त्याच्या पोटात आहे काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर अंथरलेलं डांबर सरळ राहणार तरी कसं? खड्डा निदान दिसतो, चुकवता येतो. ही वरखाली झालेली सडक मात्र गाडीखालचा एक लहानसा भाग गुपचूप खात राहते. मेकॅनिक त्याला बुश म्हणतात.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा आर्म जिथे बोल्टने अडकवलेला असतो, तिथे दोन लोखंडी नळ्या एकात एक बसवलेल्या असतात आणि मधल्या जागेत रबर चिकटवलेलं असतं. मुठीत मावेल एवढी वस्तू. हे रबर फाटलं की आधी टकटक ऐकू येते, मग ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते, मग टायर आतल्या कडेने घासायला लागतो. गॅरेजमध्ये गेल्यावर हल्ली मालकापुढे दोन पर्याय ठेवले जातात: कंपनीचा रबरी बुश, नाहीतर बाहेरचा कडक पीयू (पॉलियुरेथेनचा) बुश. दुसऱ्याची शिफारस जरा जोरातच होते. पीयू टाका, परत बघायला नको. मऊ की कडक, हा वाद मात्र मोटारीहूनही जुना आहे.

वऱ्हाडातल्या खासराला, म्हणजे बैलगाडीला, स्प्रिंग नव्हती. लाकडी चाक, त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, मध्ये लोखंडी आख. चाक फिरायचं तिथे धातूवर धातू घासायचा, आणि मध्ये काय, तर वंगण. एरंडेल आणि काजळी यांचा काळा लगदा भरलेलं नळकांडं गाडीखाली लटकत असे. खामगावचा कापूसबाजार आणि जलंबहून तिथवर आलेला रेल्वेचा फाटा यांचं उद्घाटन 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झालं. त्यानंतर आसपासच्या तालुक्यांचा कापूस खामगावच्या वाटेला लागला. त्या वाटेवरचा प्रत्येक दगड धावेतून आखात, आखातून साटीत आणि साटीतून गाडीवानाच्या पाठीत जात असे. माणसांसाठी हलकी दमणी होती, तिच्यात कडबा पसरून वर गोधडी टाकत. म्हणजे मऊपणा होता, पण तो सांध्यात नव्हता, प्रवाशाच्या बुडाखाली होता.

इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट याने 1804 मध्येच घोडागाडीसाठी कमानदार स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. तो शोध आपल्याकडे टांग्याच्या आणि बग्गीच्या रूपाने शहरांत आला, नंतर मोटारीबरोबर खेड्यांत. इथल्या लोकांनी त्या पट्ट्यांना पाटे म्हटलं. पाटे लवचीक होते खरे, पण ते सांगाड्याला जिथे अडकवायचे तिथे पुन्हा जुनीच व्यवस्था होती: लोखंडी पिन, गनमेटलचा बुश आणि ग्रीस. एरंडेल गेलं, ग्रीसगन आली, एवढाच फरक.

महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपचे पाटे जिथे टांगलेले असत त्या शॅकलला ग्रीस भरण्यासाठी निपल होते आणि ते वेळच्या वेळी भरलं नाही तर पिन आणि बुश दोन्ही झिजत. पुढच्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो मुंबई राज्यात आला आणि मग एसटीच्या जाळ्यात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा आणि मेहकरसारख्या आगारांतले मेकॅनिक ही इथल्या ग्रामीण मोटारविद्येची खरी शाळा म्हणायला हवी. पाटा मोडला तर जोडीला कोणता चालेल, बुश किती झिजला म्हणजे काढायचा, पिनेला किती ढिलाई चालेल, हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही.

ग्रीसचा एक शत्रू मात्र इथे वर्षातले आठ महिने हजर असतो: धूळ. ग्रीसमध्ये धूळ मिसळली की वंगणाचं उटणं होतं आणि ते धातूच घासून काढतं. रबर आलं ते याच दुखण्यावर उपाय म्हणून.

चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती 1839 मध्ये शोधली होती. पण ते मोटारीच्या सांध्यात नीट बसायला 1920चं दशक उजाडलं. बेल्जियन अभियंता लेओं तिरी याने दोन नळ्यांच्या मध्ये रबर दाबून बसवलं. हाच ‘सिलेंटब्लॉक’, आणि त्याच नावाचा एक तुकडा आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ‘सायलेंट बुश’ म्हणून अजून जिवंत आहे. यातली खुबी अशी की इथे काहीच घासत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर स्वतःच्या अंगात पिळलं जातं आणि परत सरळ होतं. घासणारा पृष्ठभागच नाही, म्हणून ग्रीस नको, आणि धुळीला शिरायला जागा नाही. पुढे अभियंत्यांनी रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवायला सुरुवात केली. खड्ड्यात आपटताना चाकाने किंचित मागे सरावं, पण वळणावर बाजूला सरकू नये, अशी एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने ताठ रचना त्या पोकळ्यांतून साधते. फाटका बुश हातात घेऊन ‘कंपनीने रबर वाचवलं’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी लागते.

आपल्याकडे हा रबरी सांधा आधी शहरी गाड्यांतून दिसला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी फियाट, पुढे तिचीच पद्मिनी. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800. मारुतीच्या पुढच्या चाकांना आडवा जोडणारा वाकडा दांडा, ज्याला गॅरेजमध्ये जंपिंग रॉड म्हणतात, तो गाडीचा कल तर आवरतोच, शिवाय चाकाला पुढेमागे जागच्या जागी धरून ठेवतो. त्याचे रबर सैल झाले की अख्खी पुढची बाजू खिळखिळी वाटते. खेड्यात मात्र बराच काळ राज्य होतं काळीपिवळी जीपचं. आत माणसं कोंबलेली, मागे पायरीवर लटकलेली, टपावर पोती. तो भार घेऊन काळ्या मातीच्या रस्त्यावर रोज फेऱ्या मारणाऱ्या गाडीतलं रबर किती दिवस टिकणार?

इथे स्थानिक अक्कल कामाला लागली. नायलॉनचा रॉड आणायचा आणि लेथवर मापाचा बुश बनवून घ्यायचा. स्वस्त, कडक, हवा तेव्हा मिळणारा. बाहेरच्या जगात ज्याला ‘आफ्टरमार्केट अपग्रेड’ म्हणतात, ते इथे लेथच्या भुश्यात कधीच होऊन गेलं होतं. खोट एवढीच की नायलॉन ओलावा शोषून फुगतं. पावसाळ्यात मापात बसवलेला बुश पिनेला आवळतो, उन्हाळ्यात तोच सैल पडून वाजतो.

पॉलियुरेथेन, म्हणजे आजचं पीयू, हे ऑटो बायर याने 1937 मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला शोधलेलं रसायन. मोटारींच्या शर्यतींतून ते बुशांत आलं. शर्यतीत आरामाचा प्रश्नच नसतो. स्टिअरिंग वळवलं की चाकाने त्याच क्षणी वळावं, मधल्या रबराने वेळ खाऊ नये, एवढंच हवं असतं. पीयू त्यासाठी छान आहे. तेल-डिझेलने ते रबराइतकं सडत नाही, बरीच वर्षं आकार धरून ठेवतं. पीयूच्या काही प्रकारांत एरंडेल कच्चा माल म्हणून वापरतात. खासराच्या आखातलं एरंडेल असं शंभर वर्षांनी फिरून सांध्यात आलं!

पण त्याबरोबर जुनं दुखणंही फिरून आलं. रबरी बुश नळीला चिकटलेला असतो आणि आतल्या आत पिळतो. पीयूचा बुश बहुतेक वेळा चिकटवलेला नसतो. तो नळीवर फिरतो, म्हणजे घासतो. म्हणून त्याला बसवताना सिलिकॉनचं ग्रीस लागतं, आणि ते वाळलं की किरकिर सुरू होते. ज्या धुळीपासून सुटका म्हणून रबर आलं, तिला पुन्हा दार उघडलं. शिवाय रबर जो धक्का गिळत होतं तो आता पुढे सरकतो, आधी सांगाड्यात, वेल्डिंगच्या जागांत, मग स्टिअरिंगवर धरलेल्या हातात. कडक बुशाने धक्का नाहीसा होत नाही. तो कुणी सोसायचा, एवढं बदलतं.

म्हणून सरसकट कौल देता येत नाही. 2005 मध्ये आलेल्या टाटा एसपासून गावोगावच्या पिकअपपर्यंत, पोती वाहणाऱ्या गाड्यांच्या मागच्या पाट्यांना कडक बुश शोभतो. जंपिंग रॉडलाही चालतो: वळणावर गाडी कमी कलते आणि आरामात फारसा फरक पडत नाही. घरच्या गाडीच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशाला मात्र, जिथे कंपनीने मुद्दाम पोकळ्या ठेवल्या आहेत, तिथे भरीव पीयू ठोकणं हे या रस्त्यांवर शहाणपणाचं नाही.

या हिशेबात अलीकडे एक नवा रस्ता आला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग खुला झाला आणि 5 जून 2025 ला शेवटच्या टप्प्यासह 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा याच तालुक्यांतून जातो. जुन्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी थोड्याच वेळात सिमेंटच्या सडकेवर ताशी 120च्या मर्यादेला टेकते. चाळीसला जो सैल बुश नुसता टकटक करतो, तोच 120ला ब्रेक दाबताना चाकाची दिशा हलवतो. पूर्वी आवाज सहन करत वर्ष काढणं हा कंजूषपणा होता, आता तो धोका आहे. बदलायचा तो वेळेवर, हे पहिलं. रबर की पीयू, हे नंतरचं.

आणि बदलताना एका गोष्टीवर मालकाने स्वतः उभं राहून लक्ष ठेवावं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचा बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि चांगला कंपनीचा बुशसुद्धा काही महिन्यांत फाटतो. मग दोष लागतो रबराला आणि विकला जातो पीयू. गाडी चारही चाकांवर उभी करा, मग शेवटचा नट आवळायला सांगा, आणि तिथून थेट अलाइनमेंटला न्या.