बेकारी भत्ता, ब्रिटनमधील
काम करण्याची क्षमता व इच्छा असूनही काम न मिळणाऱ्या व्यक्तीस शासकीय योजनेतून ठराविक काळ मिळणारी रोख रक्कम. ब्रिटनमध्ये १८३४ च्या दारिद्र्य कायद्यानुसार धडधाकट मजुरास मदत हवी असल्यास त्याने श्रमगृहात दाखल व्हावे, असे धोरण होते. १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमाने बांधकाम, जहाजबांधणी, अभियांत्रिकी इ. उद्योगांतील सु. २२·५ लाख कामगारांसाठी सक्तीचा विमा सुरू झाला. कामगार व मालक दर आठवड्यास प्रत्येकी अडीच पेन्स भरीत. शासन त्यात भर घाली. बेकार कामगारास आठवड्यास ७ शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे मिळत. वर्गणीमुळे ही रक्कम दान न राहता हक्क ठरली.

१९२० मध्ये शेती व घरकाम वगळता बहुतेक व्यवसायांना ही योजना लागू झाली. परंतु दीर्घकालीन बेकारीमुळे निधीत तूट आली. १९३१ मध्ये भत्त्यातील कपातीवरून रॅम्से मॅक्डॉनल्ड यांचे मजूर मंत्रिमंडळ कोसळले. त्यानंतरच्या राष्ट्रीय शासनाने १० टक्के कपात केली आणि विम्याची मुदत संपलेल्यांच्या साऱ्या कुटुंबाचे उत्पन्न तपासण्यास प्रारंभ केला. मुलामुलींच्या कमाईमुळे बापाचा भत्ता घटे. त्यामुळे ही तपासणी अत्यंत अप्रिय झाली. १९४१ मध्ये ती रद्द झाली. बेव्हरिज अहवालास (१९४२) अनुसरून १९४६ च्या अधिनियमाने वर्गणीवर आधारलेला हक्क पुन्हा दृढ केला. १९९६ मध्ये मात्र या हक्काची मुदत १२ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आली. त्यापुढील साहाय्य पुन्हा उत्पन्नाच्या तपासणीवर अवलंबून राहिले.