३२ किलोबाइटची शर्यत

इतिहासाच्या मास्तराने संगणकाविषयी लिहावे, हे कुणालाही आगाऊपणाचे वाटेल. मलाही वाटले असते. पण यंदा मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह घरी आला आणि पुढचा महिनाभर मी या विषयात गुरफटलो.

वडील टेंपोचालक. वीस वर्षे अनमोडच्या घाटातून गोव्याला माल नेतात. मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला मोटार-शर्यतीचे खेळ खेळण्याजोगा संगणक हवा होता. साधे खेळ नव्हेत. गाडीचे वजन, टायरची पकड, ब्रेक तापणे, हे सारे गणिताने हुबेहूब उभे करणारे, ज्यांना सिम्युलेटर म्हणतात ते. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितले होते की लाखाच्या खाली यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात. मुलगा हप्त्यांवर घ्यायला तयार होता. वडिलांजवळ सुपारीचे आणि भाड्याचे मिळून ४०,००० रुपये होते.

"मास्तर, तुम्ही सांगाल ते करू," वडील म्हणाले. "पण हा खेळ आहे की शिक्षण, तेवढं आधी सांगा."

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. त्यामागे एक जुनी बोचही होती. ती पुढे सांगेन.

शर्यत हा आपल्या मुलखाला परका विषय नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे उचलून धरले. या काळात गावोगावची माणसे कोर्टाच्या तारखा पाठ म्हणत होती. मोटारीच्या शर्यतीचे मात्र तसे नाही. तिला मैदान लागते, आणि पैसा तर त्याहून लागतो. आपल्याकडे पूर्वी मद्रासजवळचे शोलावरम हेच या खेळाचे मोठे ठाणे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची पायरी चढून २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, तेव्हा तेथे जाणारा तो पहिला भारतीय ठरला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिकही त्याच ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत उतरला. कोल्हापुरात मोटारींचा नाद जुना आहे. पण जोयड्याच्या टेंपोचालकाच्या मुलाला कोल्हापूरही दूरच. त्याला जवळची वाट एकच, ती पडद्यावरची.

या वाटेचा इतिहास शोधू लागलो आणि पहिल्याच वळणावर थबकलो.

१९८४ साली इंग्लंडात 'रेव्ह्ज' नावाचा खेळ निघाला. कर्ता जेफ क्रॅमंड. हा गृहस्थ आधी मार्कोनी कंपनीत अभियंता होता. विमान चालवण्याचा 'एव्हिएटर' हा खेळ त्याने १९८३ मध्ये केलेला होता. 'रेव्ह्ज'मध्ये त्याने सिल्व्हरस्टोनचे मैदान आणि फॉर्म्युला थ्रीची गाडी उभी केली. त्यासाठी प्रत्यक्ष फॉर्म्युला थ्री चालवणाऱ्या डेव्हिड हंटचे साहाय्य घेतले. घरगुती संगणकावरचा, गाडीचे भौतिकशास्त्र गंभीरपणे मांडणारा हा पहिल्या काही खेळांपैकी एक. आणि तो चालत होता कशावर? बीबीसी मायक्रो नावाच्या शाळकरी संगणकावर. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज भ्रमणध्वनीवर येणारे दिवाळीच्या शुभेच्छांचे एक रंगीत चित्रदेखील बहुधा त्याहून मोठे असते.

मी थबकलो तो या यंत्राच्या नावामुळे. कारण हेच यंत्र त्याच वर्षी भारतात आले होते. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची संगणक-साक्षरता योजना सुरू केली आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो दिले. पुढे हीच यंत्रे 'युनिकॉर्न' या नावाने मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तयार झाली. म्हणजे ज्या यंत्रावर इंग्लंडातल्या मुलाला सिल्व्हरस्टोनचे वळण घेता येत होते, तेच यंत्र आपल्याकडच्याही काही शाळांत टेबलावर बसलेले होते!

मी त्या वर्षी नववीत होतो. आमच्या तालुक्यात तेव्हा बोलण्याचा विषय एकच, सुप्याचे धरण. काळी नदीवर १०१ मीटर उंचीची भिंत चढत होती. १९८७ मध्ये काम पुरे झाले. जुने सुपे पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, कित्येक कुटुंबे रामनगरला हलली. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचे वीजघर उभे राहिले. पण रानातल्या वाड्यांना त्या विजेची वाट पुढे फार वर्षे पाहावी लागली. संगणक हा शब्द आमच्या कानी पडायचा होता.

आता ती बोच. मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी आमच्या एका शाळेला संगणक मिळाले. खोली बांधली, खिडक्यांना जाळ्या लावल्या, यंत्रांवर पांढऱ्या खोळी घातल्या. किल्ली माझ्याकडे. मुलांनी हात लावला तर बिघडतील, या भीतीने मी ती खोली आठवड्यातून एकदाच उघडत असे, आणि तेव्हाही मुले भिंतीला पाठ लावून पाहत. एक मुलगा एकदा विचारता झाला, "सर, यात खेळ असतात का?" मी त्याला बाहेर उभे केले. पाचेक वर्षांनी यंत्रे निकामी झाली. वापराने नव्हे, दमट हवेने. क्रॅमंडची हकीकत वाचताना मला तो बाहेर उभा केलेला मुलगा आठवला.

असो. इतिहासाचा पुढचा धागा घेऊ.

१९९१-९२ मध्ये क्रॅमंडने फॉर्म्युला वनचा संपूर्ण हंगाम संगणकावर आणला. १९९१ म्हणजे पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला ते वर्ष. अमेरिकेत पॅपिरस या संस्थेने १९८९ मध्ये इंडियानापोलिसची शर्यत आणि १९९८ मध्ये 'ग्रांप्री लेजंड्स' काढला. हा शेवटचा खेळ १९६७ सालच्या हंगामाचा. ऐतिहासिक विषय म्हणून मला त्याचे कौतुक. त्या गाड्यांना पंख नव्हते, टायर अरुंद, ताकद अफाट. खेळणारा पहिल्याच वळणावर फिरकी घेऊन बाहेर जाई. शिवाय त्या वेळच्या सामान्य संगणकांना तो पेलवत नसे. खेळ यंत्राच्या पुढे धावू लागला तो साधारण येथून. त्याच सुमारास चित्र रंगवण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवण्याची चाल रूढ झाली आणि खर्चाचा मोठा वाटा तिकडे गेला.

परंतु दुसरा प्रवाहही चालूच राहिला. २००३च्या सुमारास तीन माणसांनी मिळून 'लाइव्ह फॉर स्पीड' काढला. तो साध्या यंत्रावर चालतो आणि त्याचा थोडा भाग फुकट खेळता येतो. २००५ मध्ये 'आरफॅक्टर' आला आणि खेळणारेच नवी मैदाने, नव्या गाड्या तयार करू लागले. २०१४ मध्ये इटलीतल्या कुनोस संस्थेचा 'असेटो कोर्सा' पूर्णत्वास गेला. त्याची किमान मागणी होती २ गिगाबाइट स्मृती आणि कोअर टू ड्युओ जातीचा प्रोसेसर, म्हणजे तेव्हाही जुनाच. आज दहा-बारा वर्षांनीही तो आवडीने खेळला जातो.

आपल्या देशातले भावही याच काळात उतरले. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल केली, १९९१ नंतर ती आणखी मोकळी झाली आणि जागतिक करारानुसार २००५ मध्ये संगणकावरचे आयात शुल्क शून्यावर आले. एकेकाळी कचेरीच्या साहेबाला मिळणारे यंत्र आज त्याच कचेरीतून भंगाराच्या जरा वरच्या भावाने बाहेर पडते.

एवढे वाचल्यावर दुकानदाराच्या लाखाच्या आकड्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. तीन पडदे, डोक्याला लावायचा चष्मा, नवीनतम खेळ आणि झगझगीत चित्र हवे असेल तर लाखही अपुरे. पण शिकण्यासाठी काय हवे, हा प्रश्न वेगळा.

साधे त्रैराशिक मांडू. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. पडद्यावर सेकंदाला २५ चित्रे उमटली, तर दोन चित्रांमध्ये गाडी २ मीटर पुढे सरकते. ६० चित्रे उमटली, तर ८३ सेंटिमीटर. ब्रेक कुठे दाबायचा हे ज्याला शिकायचे, त्याला झाडांची पाने मोजता आली नाहीत तरी चालेल. चित्रांचा ओघ मात्र अखंड हवा. म्हणून सावल्या, प्रतिबिंबे, प्रेक्षकांची गर्दी, हे सारे खेळातच कमी करावे आणि ६०चा ओघ राखावा. गाडीचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे गणित प्रोसेसर करतो, चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवते. एकावर उधळून दुसऱ्यात कंजुषी केली तर दोन्ही फुकट.

त्याप्रमाणे आम्ही यादी केली. कचेरीतून निघालेला टेबलावरचा संगणक, इंटेलच्या आठव्या पिढीचा आय-फाइव्ह. आठवीच का? विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक पिढ्यांना स्वीकारत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे फार स्वस्त दिसतात. तो मोह टाळला. स्मृती १६ गिगाबाइट, साठवणीला एसएसडी. ग्राफिक्स कार्ड निवडताना खरी मेख होती. कचेरीच्या यंत्रांचा वीजपुरवठा बेताचा असतो आणि कार्डाला वेगळी वीज देणारी तार बहुधा नसते. म्हणून ७५ वॅटच्या आत, खाचेतूनच वीज घेणारे कार्ड पाहिले. जीटीएक्स १६५०चे तसे नमुने मिळतात. पेटी अरुंद असेल तर कार्डही बुटके लागते, हे मोजपट्टी घेऊन पाहावे. पडदा एकच, जुना. आमच्याकडे पावसाळ्यात वीज झोके खाते, म्हणून यूपीएसला पैसे राखून ठेवले. आंतरजालाचा भरवसा नाही, तेव्हा दरमहा वर्गणीचे आणि सतत जोडणी मागणारे खेळ बाजूला ठेवले. एकदा विकत घेऊन घरीच, यंत्राशी शर्यत लावता येईल असे घेतले.

उरलेली रक्कम सगळी स्टेअरिंगवर. यावर मुलगा कुरकुरला. त्याला मोठे कार्ड हवे होते. मी म्हटले, "बाबा रे, कार्ड दोन वर्षांत जुने होते. हात एकदा शिकला की जन्मभर पुरतो." मोटर बसवलेले, रस्त्याचा जोर हाताला परत देणारे चाक आणि खाली पेडल, असा जुना संच बेळगावात मिळाला. यूपीएससकट हिशेब चाळिसाच्या आत राहिला. हप्ता एकही नाही.

आता वडिलांचा प्रश्न, खेळ की शिक्षण. जपानी 'ग्रान टुरिस्मो' या खेळातून निवडलेला ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये स्पर्धा जिंकून खरा चालक झाला आणि २०१३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. मार्च २०२० मध्ये महामारीने मैदाने बंद पडली, तेव्हा फॉर्म्युला वनचे काही चालक घरात बसून पडद्यावर शर्यती करू लागले. ही उदाहरणे खरी. पण ती हजारांत एक, आणि मी वडिलांना तसे स्पष्ट सांगितले. तुमचा मुलगा रेसर होईल असे मी म्हणणार नाही. पण टायर किती तापला की पकड जाते, वजन पुढे गेले की मागचे चाक का सुटते, हे तो गणितासह शिकेल. यंत्र उघडून जोडायला तर शिकलाच आहे. कार्ड बसवताना मी फक्त विजेरी धरून उभा होतो.

श्रावणात त्यांच्या घरी गेलो. मुलगा डोंगरातल्या रस्त्याचे मैदान लावून बसला होता. वडील मागे उभे. मुलाने आग्रह केला म्हणून ते बसले. पहिल्या वळणावर कठड्यावर आदळले, दुसऱ्यावर सावरले, तिसऱ्याला ब्रेक आधी दाबून, गिअर उतरवून, गाडी अलगद बाहेर काढली. मग चाक सोडून म्हणाले, "उताराला स्टेअरिंग हलकं लागायच्या आधी बुडाला कळतं. याच्यात ते नाही. बाकी बरं आहे."

मुलगा त्यांच्याकडे पाहतच राहिला. पंधरा दिवस तो ज्या वळणावर घसरत होता, ते वळण त्यांनी तिसऱ्या खेपेला काढले होते. "बाबा, ब्रेक एवढा आधी का दाबलात?" असे त्याने विचारले, आणि बापलेकांचे अनमोडच्या घाटाविषयी बोलणे सुरू झाले. मी चहा संपवून निघालो तरी ते चालूच होते.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळेच्या संगणक-खोलीची किल्ली मी शिपायाच्या खुंटीवर लावली आहे. शनिवारी दुपारी खोली उघडी असते. खेळ असतात का, असे विचारणाऱ्यांना आता आत बसवतो.