एचएमटी धान आणि हार्डवेअरचं लायसन्स

मी वडशाहून बोलतोय. आजचा विषय हार्डवेअरच्या ओपन लायसन्सचा, पण आमचा भाग धानाचा, म्हणून सुरुवात धानापासूनच.

नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव इथून फार दूर नाही. तिथले दादाजी खोब्रागडे, थोड्याशा जमिनीचे शेतकरी. १९८३ साली त्यांना 'पटेल-३' धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या जपून, दरवर्षी निवडत त्यांनी बारीक तांदळाचं वाण काढलं. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं आणि बियाणं हातोहात गावोगाव गेलं. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यातूनच निवड करून १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' आणलं. श्रेय कोणाचं, हा वाद दादाजी २०१८ मध्ये गेले तरी मिटला नव्हता. शेतकऱ्याला वाण नोंदवू देणारा कायदा आला तोच २००१ साली.

दादाजींनी वाटलं ते बरंच केलं. पण कोणत्या अटीवर वाटलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लायसन्स म्हणजे ती अट.

हार्डवेअरमध्ये एक अडचण आहे. सर्किटच्या नकाशावर कॉपीराइट असतो, पण त्यावरून बनवलेल्या वस्तूवर साधारणपणे नसतो, तिथे पेटंटचा प्रश्न येतो. जीपीएल लिहिलं गेलं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून जिनिव्हाच्या 'सर्न' प्रयोगशाळेने २०११ मध्ये हार्डवेअरसाठी वेगळं लायसन्स काढलं. २०२० पासून त्याचे तीन प्रकार आहेत. 'पी'मध्ये मूळ कर्त्याची नोंद ठेवा, बाकी मोकळीक. 'एस'मध्ये बदल करून वस्तू विकली, तर बदललेला नकाशाही त्याच अटींवर द्यायचा. 'डब्ल्यू' मधला: तुमचा भाग खुला राहतो, त्याला जोडलेलं दुसऱ्याचं बंद चालतं.

आम्ही तिघं मित्र धानातला ओलावा मोजायचं यंत्र करतोय. एक म्हणतो, 'पी' ठेवू, कारखानदार लवकर घेतील. त्याचं चूक नाही. पण ओलाव्याच्या आकड्यावर धानाचा भाव कापला जातो. यंत्रात कोणी काय बदललं, हे विकणाऱ्या शेतकऱ्यालाही पाहता आलं पाहिजे. म्हणून माझं मत नकाशाला 'एस' आणि आतल्या कोडला जीपीएल.

कल्पना उचलून कोणी नव्याने नकाशा काढला, तर 'एस'ही त्याला अडवणार नाही. तरी अट लिहिलेली असेल, तर भांडायला हातात कागद राहतो. तुम्ही काय निवडाल, नक्की कळवा.