ऋण प्रतिभरण आणि विवर्धकाचा गेन : एका शोधाचा इतिहास

१९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे दूरध्वनीने जोडली गेली. निर्वात नलिकांच्या विवर्धकांमुळे हे साध्य झाले. तथापि नवी अडचणही त्यांनीच आणली. विवर्धकाचा गेन, म्हणजे संदेश किती पटींनी वाढतो ते प्रमाण, वीजपुरवठ्यातील चढउतारांमुळे व नलिका जुनी झाल्याने बदलत असे. शिवाय प्रत्येक विवर्धक संदेशात थोडी विकृती मिसळत असे. मार्गावर एकापुढे एक अनेक विवर्धक असल्याने हे दोष साचत जात.

बेल प्रयोगशाळेतील हेरॉल्ड ब्लॅक यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीत, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर, त्यांनी आपली कल्पना लिहून काढली. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश परत आणून मूळ संदेशातून वजा करायचा, हे तिचे सार होय. मूळ गेन 'अ' आणि परत येणारा अंश 'ब' मानल्यास अंतिम गेन अ ÷ (१ + अब) इतका होतो. अ = १०,००० आणि ब = ०.०१ असता अंतिम गेन सुमारे ९९ येतो. नलिका क्षीण होऊन 'अ' निम्म्यावर, म्हणजे ५,००० वर आला, तरी अंतिम गेन सुमारे ९८ राहतो. गेनची सूत्रे नलिकेकडून निष्क्रिय घटकांकडे जातात ती अशी.

मात्र त्यासाठी शंभरपट गेन सोडून द्यावा लागतो. आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या संशोधकांनी धन प्रतिभरणाने गेन वाढवून दाखवला असताना तो जाणूनबुजून गमावणे समकालीनांना विचित्र वाटले, यात नवल नाही. १९२८ मध्ये अर्ज करूनही अमेरिकी पेटंट १९३७ च्या अखेरीस मिळाले.

फेरीबोटीची ही हकीकत ब्लॅक यांनी १९७७ मध्ये स्वतः सविस्तर सांगितली आणि ती लोकप्रिय झाली. त्या मानाने नायक्विस्ट यांचे श्रेय झाकोळले गेले, असे म्हणणे भाग आहे. परिपथातील विलंबामुळे एखाद्या वारंवारतेला ऋण प्रतिभरणच धन होते व विवर्धक आपोआप दोलायमान होऊ लागतो. तो केव्हा स्थिर राहील याचा निकष नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये गणिताने सिद्ध केला. ब्लॅक यांचा मुख्य निबंध त्यानंतर, १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासकार डेव्हिड मिंडेल यांनीही २००२ च्या आपल्या ग्रंथात हा शोध एकट्याच्या स्फुरणाऐवजी दूरध्वनी जाळ्याच्या गरजांच्या संदर्भात तपासला आहे.