हस्तिदंताची बंदी : नीती कोणाची, किंमत कोणाची?



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसावर एक आरोप कायम होतो. हे लोक हस्तिदंती मनोऱ्यात बसून बोलतात म्हणे. आज मी मनोरा बाजूला ठेवतो आणि त्या हस्तिदंताबद्दलच बोलतो. तो येतो कुठून, तो विकणं कोणी बंद केलं, आणि ज्यांनी बंद केलं त्यांना तसा अधिकार होता का, हा आजचा विषय.

प्रश्न आधी नीट मांडू. ऑक्टोबर १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात सायटीस कराराच्या सदस्य देशांची बैठक झाली. धोक्यात आलेल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार १९७३ साली झाला आणि १९७५ पासून अमलात आला. आशियाई हत्ती सुरुवातीपासूनच त्याच्या पहिल्या परिशिष्टात होता, म्हणजे त्याच्या व्यापाराला बंदीच होती. लोझानला आफ्रिकी हत्तीही त्या परिशिष्टात घातला गेला. १९९० च्या जानेवारीपासून हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याने थांबला.

कारण उघड होतं. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत तेरा लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांनी तो सहा लाखांवर आला. आणि एक साधी गोष्ट लक्षात घ्या. हत्तीचा सुळा म्हणजे हरणाचं शिंग नव्हे, तो गळून परत उगवत नाही. त्याचा बराचसा भाग कवटीत रुतलेला असतो, म्हणून पूर्ण सुळा हवा तर हत्ती मेलेला लागतो.

मग अडचण कुठे आहे? झिम्बाब्वे, बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका या देशांनी या निर्णयावर हरकत नोंदवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडे हत्ती कमी होत नाहीत, वाढताहेत. ते आमची शेतं तुडवतात, आमची माणसं मारतात. सुळे विकून आम्ही जंगल राखतो. ज्यांच्या देशात एकही रानहत्ती नाही ते आम्हाला नीती शिकवणार? जपानचं म्हणणं निराळं होतं. तिथे नावाचा शिक्का, शामिसेन वाजवायची पट्टी, या गोष्टी हस्तिदंताच्या करायची जुनी रीत आहे. पाश्चात्त्यांना हत्ती गोंडस वाटतो म्हणून आम्ही आमची परंपरा का सोडावी, असा तो सूर.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे, म्हणून आधी इतिहास बघू.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून जो हस्तिदंत बाहेर पडला त्याचं गिऱ्हाईक कोण होतं? अमेरिकेत कनेटिकट राज्यात एका गावाचं नावच आयव्हरिटन आहे. तिथे आणि शेजारच्या डीप रिव्हर गावात पियानोच्या पट्ट्या तयार होत. घरात पियानो असणं हे तेव्हा सुसंस्कृतपणाचं लक्षण होतं. बिलियर्डचे चेंडू, सुऱ्यांच्या मुठी, फण्या, सगळं हस्तिदंताचं. हा माल यायचा मुख्यतः झांझिबारहून. आफ्रिकेच्या आतल्या भागातून सुळे खांद्यावर वाहून आणले जात. वाहणाऱ्यांत मजुरीवर आलेले हमाल होते, तसे गुलामही होते. इंग्रजांच्या दबावाखाली झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला, हे चांगलंच झालं. पण पियानोची मागणी कोणी कमी केली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा गोऱ्यांचा इतिहास झाला, आपला काय संबंध? आहे संबंध. झांझिबारच्या जकातीचा मक्ता एकोणिसाव्या शतकात बराच काळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. झांझिबारचा हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर उतरायचा तो आपल्या मुंबई बंदरात. त्यातला काही पुढे लंडनला जायचा, आणि काही कच्छ, काठेवाड, राजस्थानात, नवरीच्या चुड्यासाठी. आफ्रिकी सुळा मोठा आणि कापायला मऊ, म्हणून बांगडीला तोच पसंत. म्हणजे ज्या चुड्याला आपण सौभाग्याचं लेणं म्हणत होतो, त्याच्या मागे हजारो मैलांवर मारलेला हत्ती होता. त्या व्यापाराचे आपण प्रेक्षक नव्हतो, भागीदार होतो.

पुढचं पान आणखी अवघड आहे. हत्ती कमी होताहेत हे युरोपीय सत्तांच्या लक्षात आल्यावर १९०० साली लंडनमध्ये आफ्रिकेतल्या वन्य प्राण्यांसाठी एक करार झाला. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्यामुळे तो कधी लागू झाला नाही, पण त्याची विचारपद्धती वसाहतींच्या कायद्यांत उतरली. विचारपद्धती कोणती? परवाना काढून बंदुकीने मारणं ही 'शिकार'. खड्डा खणून, जाळं लावून मारणं ही 'क्रूरता'. आफ्रिकी माणूस खड्डा खणायचा, गोरा साहेब बंदूक वापरायचा. मग गुन्हेगार कोण ठरणार, हे सांगायला नको. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचं अध्यक्षपद सोडून १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ प्राणी मारले, त्यात ११ हत्ती. ते वस्तुसंग्रहालयासाठी होते, म्हणून ते विज्ञान.

याच्या शेजारी केनियातल्या वाता लोकांना ठेवून बघा. मोठं धनुष्य आणि विषारी बाण घेऊन हत्तीची शिकार करणारी ही जमात. १९४८ साली त्यांच्याच मुलखात त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं. १९५० च्या दशकात चोरट्या शिकारीविरुद्ध मोहीम निघाली आणि अनेक वाता शिकारी तुरुंगात गेले. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांनी काही नवं केलेलं नव्हतं. बापजाद्यांचा धंदा एका कागदाने गुन्हा ठरला.

मराठीत म्हण आहे, हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. वसाहतींच्या या नीतीला ती तंतोतंत लागू पडते. तेव्हा आफ्रिकेतला माणूस 'तुम्ही कोण?' असं विचारतो, तेव्हा तो उगाच विचारत नाही.

पण मित्रहो, इथे थांबायचं नाही. इथे थांबणं हीच मोठी गफलत आहे.

'प्रत्येक संस्कृतीची नीती वेगळी, म्हणून दुसऱ्यावर आपली नीती लादणं चूक' हे वाक्य ऐकायला उदार वाटतं. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९७२ च्या एका छोट्या पुस्तकात त्याची गाठ सोडवून दाखवली. वाक्याचा पहिला भाग म्हणतो, योग्य-अयोग्य हे त्या त्या समाजापुरतंच असतं. दुसरा भाग म्हणतो, लादणं चूक. कोणासाठी चूक? सगळ्यांसाठी! म्हणजे सार्वत्रिक नीती नाही असं सांगता सांगता एक सार्वत्रिक नियम गुपचूप आत आणला. आणि ज्या समाजाच्या नीतीतच लादणं बसतं त्याला तुम्ही काय सांगणार? साम्राज्य वाढवणं हीच आमची परंपरा, असं इंग्रज म्हणू शकलाच असता.

दुसरी गफलत 'संस्कृती' या शब्दात आहे. आफ्रिका विरुद्ध पाश्चात्त्य असं चित्र रंगवलं जातं. पण लोझानला बंदीची मागणी करणाऱ्यांत टांझानिया आणि केनिया पुढे होते. केनियाने तर त्याच वर्षी जुलैमध्ये १२ टन हस्तिदंताची जाहीर होळी केली. अध्यक्ष मोईंनी स्वतः आग लावली. केनियाचे हत्ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दीड लाखाच्या वर मानले जात, १९८९ मध्ये वीस हजारही उरले नव्हते. आणि दुसरीकडे ब्रिटनने काय केलं? हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांचा साठा विकला जावा म्हणून सहा महिन्यांची सवलत राखून ठेवली. आता सांगा, यात आफ्रिकी नीती कोणती आणि पाश्चात्त्य कोणती?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परंपरेच्या नावाने बोलणारा माणूस स्वतःच्या समाजाबद्दल बोलतो. पण हत्ती कोणत्या समाजाचा? तो ना जपानी, ना झिम्बाब्वेचा, ना हिंदू. चुडा भरायचा की नाही हा नवरीचा प्रश्न असेल, पण सुळा द्यायचा की नाही हे हत्तीला कोणी विचारलेलं नाही. हानी आपल्या मंडळाबाहेरच्या जिवाची होत असेल, तर 'ही आमच्या घरातली गोष्ट आहे' हा बचाव टिकत नाही.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १८९१ चं संमतिवयाचं बिल आठवा. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं होतं. टिळकांचा मुख्य आक्षेप होता की परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये. आगरकर बिलाच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचा प्रश्न होता, सांगणारा कोण? आगरकरांचा प्रश्न होता, सांगितलेलं खरं आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. सांगणारा लबाड असला म्हणून सांगणं खोटं ठरत नाही. आणि सांगणं खरं असलं म्हणून सांगणाऱ्याला राज्य करायचा हक्क मिळत नाही. आदल्याच वर्षी कलकत्त्याला दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली होती. तिला या वादात बोलायला जागा नव्हती. मुलीची आणि हत्तीची तुलना मी करत नाही, बरं का. तुलना आहे ती वादाच्या घडणीची: ज्याला सोसावं लागतं तो सभेत नसतो.

मग बंदी योग्य होती की नव्हती? माझं उत्तर: बंदी योग्य होती, पण अपुरी होती. कारण तिची किंमत कोणी द्यायची हे ठरलंच नाही.

१९८९ च्याच सुमारास झिम्बाब्वेत कॅम्पफायर नावाची योजना सुरू झाली. वन्य प्राण्यांपासून, मुख्यतः परदेशी शिकाऱ्यांकडून, जो पैसा मिळेल त्यात त्या भागातल्या गावांना वाटा द्यायचा. गोऱ्या जमीनदारांना आपल्या जमिनीवरच्या प्राण्यांवर हक्क १९७५ पासूनच मिळाला होता. तो काळ्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा हा प्रयत्न. योजनेत दोष होते, पण तिने प्रश्न नेमका पकडला होता: हत्ती साऱ्या जगाचा ठेवा असेल, तर त्याचा खर्च एकट्या गरीब गावाने का करावा?

मर्यादित विक्रीचाही प्रयोग झाला. १९९९ मध्ये दक्षिणेकडच्या तीन देशांनी सुमारे ५० टन हस्तिदंत जपानला विकला. २००८ मध्ये चार देशांनी सुमारे १०० टन चीन आणि जपानला विकला. त्यानंतरच्या काही वर्षांत चोरटी शिकार पुन्हा भयंकर वाढली. विक्रीमुळेच वाढली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कायदेशीर मालाच्या आडून चोरीचा माल खपवणं सोपं जातं, एवढं तरी खरं. शेवटी चीननेच २०१७ च्या अखेरीस देशांतर्गत हस्तिदंत बाजार बंद केला. ज्या कलेला शेकडो वर्षांची परंपरा, तिच्यावर तिच्याच देशाने बंधन घातलं. म्हणजे 'ही त्यांची संस्कृती, ती बदलायची नाही' म्हणणारे त्या संस्कृतीला कमीच लेखत होते.

आपल्याकडेही तसंच झालं. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. व्यापारी न्यायालयात गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ साली कायदा उचलून धरला. चुडा आता प्लास्टिकचा असतो. लग्नं काही अडली नाहीत. अडले ते कोरीवकाम करणारे कारागीर. ते हाडाकडे, चंदनाकडे वळले. बंदीची किंमत इथेही हात राबवणाऱ्यानेच दिली.

२०२४ साली बोत्स्वानाचे अध्यक्ष मसीसी जर्मनांना म्हणाले, तुम्हाला शिकारीची एवढी चीड आहे तर वीस हजार हत्ती पाठवतो, राहा त्यांच्याबरोबर. जर्मनीत लोक हसले. पुण्यात बसून आपणही हसू. पण सिंधुदुर्गात दोडामार्गला जाऊन बघा. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती तिथे येऊ लागले. एका रात्रीत माड, पोफळी, केळी आडव्या होतात. त्या बागायतदाराला 'हत्ती म्हणजे गणपतीचं रूप' हे सांगायला आपण जातो का? आणि गेलो, तर हातात भरपाई घेऊन जातो का?

म्हणून दुसऱ्या समाजाला नीती सांगण्याआधी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हा नियम मी स्वतःला लावला आहे का? त्या समाजातलं कोणी हेच म्हणत आहे का, आणि मी त्याचा आवाज वाढवतो आहे की त्याची जागा बळकावतो आहे? आणि या नियमाचं बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे? पहिल्या दोन्हींची उत्तरं चांगली आली आणि तिसऱ्यावर आपण गप्प राहिलो, तर आपलं म्हणणं खोटं ठरत नाही. पण ते उधारीवर केलेलं पुण्य ठरतं. आणि ती उधारी कुठल्यातरी शेताच्या बांधावर कोणीतरी फेडत असतो.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.