खेड्यातील जैन घर : बीड जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांची वाटचाल

बीड जिल्ह्याच्या इतिहासात आद्यकवी मुकुंदराज, परळीचे ज्योतिर्लिंग, धारूरचा किल्ला यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र आष्टी, पाटोदा, गेवराई, माजलगाव या भागांतील लहानलहान खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केलेल्या जैन कुटुंबांचा इतिहास ग्रंथांतून फारसा आढळत नाही. तो जुन्या वहीखात्यांत, वहीवंच्या भाटांच्या पोथ्यांत आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात विखुरलेला आहे. पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात स्थिरावलेल्या माणसाला आजही समाजात "आपण मूळचे कुठले?" असे विचारले जाते आणि उत्तरादाखल तो आपल्या खेड्याचे नाव सांगतो. त्या नावामागे काय दडले आहे, हे पुढच्या पिढीला कळावे, यासाठी ही वाटचाल ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

आगमन

या भूमीतील जैन समाजाचे दोन प्रवाह आहेत. सैतवाळ, कासार आदी दिगंबर जैन हे शतकानुशतके येथलेच; त्यांची घरची भाषाही मराठी. दुसरा प्रवाह मारवाडातून आलेल्या ओसवाल, पोरवाल, खंडेलवाल आदी कुटुंबांचा. वारंवारचे अवर्षण आणि रोजगाराची चणचण यांमुळे ही मंडळी दक्षिणेकडे वळली. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे या भागाच्या व्यापाराचे मोठे दार बनले. पुढे विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ राजस्थानावर कोसळला आणि स्थलांतराला आणखी वेग आला.

अशा स्थलांतराचे महाराष्ट्रातील एक सुपरिचित उदाहरण जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे आहे. उद्योगपती भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांचे पूर्वज १८८७ साली जोधपूरकडील आगोलाई गाव सोडून पाण्याच्या शोधात वाकोदला आले. बीड जिल्ह्यातील असंख्य घरांची कथा याच वळणाची आहे. प्रथम एकटा तरुण येई. नात्यातल्या कोणाच्या दुकानी नोकरी वा मुनिमी करी. चार पैसे गाठीशी जमले की, जिथे दुकान नाही असे शेजारचे खेडे निवडी. मग पत्नी येई, पाठोपाठ भाऊ येई. गावात जैनांची एक-दोन घरे असली, तरी त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर सारे गाव टेकत असे.

निजामी राजवट आणि दुकान

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि पश्चिमेला लगेच ब्रिटिश मुलूख लागत होता. त्यामुळे सीमेवरच्या व्यापाऱ्याला दोन राज्यांचा व्यवहार सांभाळावा लागे. संस्थानात हाली शिक्का चाले, सीमेपलीकडे कलदार रुपया. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार, असा हिशेब असे. सरकारी कामकाज उर्दूत, जमिनीची नोंद फसली सनात, घरचे पंचांग विक्रम संवताचे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे मराठीत. शाळेत फारसे न गेलेला दुकानदार या चारही गोष्टी लीलया हाताळत असे, ही त्याची विद्याच होती.

दुकानात मीठ, गूळ, तेल, कापड, लोखंडी सामान असे. सुगीला ज्वारी, करडई, कापूस यांची खरेदी होई आणि माल बैलगाडीने मोंढ्यावर जाई. रोजमेळ आणि खतावणी या दोन वह्यांत गावाचे वर्ष उतरत असे. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा बैल मेला, कोणाचे पीक बुडाले, हे जमा-नावेच्या ओळींवरून कळत असे.

सावकारीचा प्रश्न

या इतिहासातील अवघड पान वगळता येणार नाही. दुकानदारी आणि सावकारी यांत पूर्वी फारसे अंतर नव्हते. धान्य सवाईने वा दिडीने दिले जाई, म्हणजे सुगीला सव्वापट वा दीडपट परत घेतले जाई. कर्जाच्या तारणात जमिनी अडकत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो नगर जिल्ह्यातही पसरला आणि मारवाडी व गुजराती सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. हा मुलूख बीडच्या वेशीला लागूनच होता.

या घटनांकडे केवळ समाजावरचा अन्याय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. रोख साऱ्याची सक्ती, पडते भाव, अवर्षण यांनी शेतकरी पिचला होता, हे जितके खरे, तितकेच काही सावकारांनी त्या अडचणीचा लाभ उठवला, हेही खरे. अचौर्य आणि परिग्रहपरिमाण ही व्रते सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्याच वेळी, ज्या घराने अडल्या वर्षी वसुली थांबवली, व्याज सोडले, ते घर गावात टिकले आणि त्याच्या शब्दाला मान मिळाला, हेही विसरता येत नाही. खेड्यात एकट्या पडलेल्या कुटुंबाचे खरे संरक्षण त्याची पत हेच होते.

घर हेच स्थानक

लहान खेड्यात मंदिर नसे, स्थानक नसे. धर्म जपला तो घराने, विशेषतः घरातील स्त्रीने. पाणी गाळून घेणे, सूर्यास्तापूर्वी जेवण, अष्टमी-चतुर्दशीचे नियम, मुलांना नवकार मंत्र शिकवणे हे सारे तिच्याकडे असे. परमुलखातून आलेली ही सून पाणवठ्यावर मराठी शिकली, ज्वारीची भाकरी थापू लागली आणि मारवाडी-मराठी मिश्रित अशी एक गोड बोली घरात नांदू लागली.

साधू-साध्वींचा विहार हा या एकाकी घरांचा समाजाशी दुवा होता. शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेला एका खेडेगावच्या घरातील मुलगा १९१३ मध्ये रत्नऋषीजींकडे दीक्षित झाला आणि पुढे श्रमण संघाचे आचार्य आनंदऋषीजी म्हणून देशभर वंदनीय ठरला. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाने खेड्यातील मुलामुलींपर्यंत शास्त्राचा अभ्यास नेला. बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करणाऱ्या अमोलकऋषीजींच्या नावाने आष्टी तालुक्यातील कडा येथे शिक्षणसंस्था उभी राहिली. तिचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले राहिले. दिगंबर बांधवांचे श्रद्धास्थान कुंथलगिरी जिल्ह्याच्या सीमेजवळच आहे. तेथे १९५५ साली आचार्य शांतिसागरजींनी सल्लेखना घेतली.

परीक्षेची वर्षे

१९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत सीमाभागातील अनेक कुटुंबांनी बायकामुलांना नगरकडील नातेवाइकांकडे पाठवले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामी सत्ता संपली. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने जमीनधारणेचे स्वरूप पालटले. सावकारीवरही निर्बंध आले आणि कुटुंबे निखळ व्यापाराकडे वळली.

१९७२ च्या दुष्काळाने पुन्हा कसोटी पाहिली. विहिरी आटल्या, शेतकरी खडी फोडायला गेला. दुकानदाराच्या वहीत उधारी वाढली आणि गल्ला रिता राहिला. पुढे ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना किराणा देणे आणि टोळी परतल्यावर हिशेब करणे, ही अनेक दुकानांची रीत झाली.

निघून गेलेली घरे

गेल्या काही दशकांत मुलांचे शिक्षण, मुलींचे विवाह आणि बाजाराचे बदलते रूप यांमुळे कुटुंबे तालुक्याला, तेथून पुण्याला गेली. काही घरांना कायमचे कुलूप लागले. परंतु गाव सोडणे म्हणजे गावाचे ऋण फिटणे नव्हे. जिल्ह्यातील डोंगरकिन्हीसारख्या खेड्यातून पुण्याला गेलेले शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटनेची स्थापना केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संघटनेने सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात स्वीकारली. २०१३ च्या दुष्काळात हीच संघटना बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्यासाठी परतली. ज्या मातीने पूर्वजांना आसरा दिला, तिच्याकडे वळण्याचा हा एक मार्ग झाला.

२०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि २०२५ मध्ये बीडपर्यंत रेल्वे पोहोचली. ज्या वाटेने पूर्वज बैलगाडीतून आले, ती आता काही तासांची झाली आहे. मात्र जुन्या वह्या रद्दीत जात आहेत आणि त्यांतील मोडी व महाजनी लिपी वाचणारे हात थोडे उरले आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराची चार पाने तरी लिहून ठेवावीत. कोण, कोठून, कोणत्या साली आले, पहिले दुकान कोणाच्या जागेत थाटले, कोणत्या शेजाऱ्याने पहिल्या रात्री पाणी दिले, याची नोंद व्हावी. कोणाचे देणे सोडले आणि कोणाकडून अधिक घेतले, तेही प्रामाणिकपणे लिहावे. संवत्सरीला मागितलेल्या क्षमेत गावातील त्या घरांचाही वाटा आहे.