घाशीराम कोतवाल : आरोप आणि निवाडा

घाशीराम सावळदास हें नांव उच्चारतांच वाचकाच्या मनांत जुलमाची मूर्ति उभी राहते. संशोधकानें तरी ती मूर्ति कागदांशीं ताडून पाहावी, एवढ्याच हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

औरंगाबादेकडून आलेल्या या गौड ब्राह्मणास पुण्याची कोतवाली इ. स. १७७७ त मिळाली व ती १४ वर्षें त्याच्याकडे राहिली. कोतवालाचें काम केवळ चोर धरण्याचें नव्हे. रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे तोडणें, जिनसांचे भाव ठरविणें, सरकारकामास मजूर पुरविणें, जागांच्या खरेदीविक्रीवर नजर ठेवणें, शहरांत येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणें, हें सर्व त्याच्याकडेच. ज्याचा तंटा हरला तो, ज्याचा भाव उतरला तो वाणी, आणि वेठीस धरलेला मजूर, हे तिघेही कोतवालास शिव्याच देणार. लोकापवाद मोजतांना एवढी वजावट आधीं करावी. तो साधु होता असें मात्र आमचें म्हणणें नाहीं.

आतां १७९१ चा ऑगस्ट. श्रावणाच्या दक्षिणेसाठीं आलेल्या तैलंगी ब्राह्मणांनीं कोतवालाच्या बागेंतील कणसें तोडलीं, या निमित्तानें तिसांहून अधिक जणांस कोंडण्यांत आलें. मानाजी फाकडे यानें कुलूप तोडविलें तेव्हां पुष्कळ जण गुदमरून मेलेले आढळले. एकंदर मृत २१. मेलेले चोर होते, अशी बतावणी कोतवालानें नाना फडणिसांपुढें केली. ही बतावणी त्याच्या विरुद्ध जाते व तिला उत्तर नाहीं.

परंतु कोंडणें आणि ठार मारण्याच्या हेतूनें कोंडणें हे दोन निराळे आरोप होत. प्रायश्चित्तप्रकरणांत मनूनें कामतः व अकामतः असा भेद केलाच आहे. याज्ञवल्क्याच्या मतें व्यवहार चतुष्पाद : भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि. येथें फिर्यादीची भाषा नानांच्या वाड्याभोंवतीं जमलेल्या समुदायानें केली, आणि साध्यसिद्धिही त्याच्याच हातीं गेली. मधले दोन पाय त्या गर्दींत लंगडे पडले. धिंड काढून त्यास फिर्यादींच्या स्वाधीन करण्यांत आलें व ३१ ऑगस्ट रोजीं त्यांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारिलें. फिर्यादीनेंच शिक्षा बजावावी, हें कोणत्या स्मृतींत बसतें? शिवाय चौदा वर्षें त्यास त्या जागीं ठेवणारे नाना या हिशेबांतून सहीसलामत सुटले.

पुढील काळानें यावर आणखी थर चढविले. इंग्रजांचा वकील मॅलेट १७८६ पासून पुण्यांत होता. या प्रकरणाची हकीकत फोर्ब्सच्या १८१३ च्या ग्रंथामुळें विलायतेंत पोंचली. मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ त याच्या नांवानें पुस्तक रचिलें, तें बहुतांशीं संवादाचें; चरित्र म्हणून तें घेऊं नये. १९७२ च्या तेंडुलकरांच्या नाटकास स्वतः नाटककारानेंच अनैतिहासिक म्हटलें आहे, तरी त्यांतील कन्येचें कथानक पुष्कळांस इतिहास वाटतें!

संग्राहकांस एक विनंति. दप्तरांत कोतवाली चावडीचा कागद, जागेचें खरेदीखत किंवा तक्रारीची यादी आढळल्यास ती ‘घाशीरामी जुलूम’ या सदराखालीं बांधूं नये. शके १७१३ च्या भाद्रपदापूर्वींचा कागद आणि त्यानंतर लिहिलेली आठवण यांचें वजन सारखें नसतें. दोहोंचीं बासनें निराळीं ठेवावीं, आणि प्रत्येकावर मित्ति, अर्जदाराचें नांव व निकाल लागला असल्यास तो, एवढें टांचून ठेवावें.